ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं

मागच्या अंकात पळण्यावरच्या या सदरात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो, की थंडी आहे तोवर एकदा घाट उतरून कोकणात पळून या. ती ओळ महागात पडली. कचेरीतून फोन आला, "काका, येताना पिशवी घेऊन या." पिशवीभर पत्रं निघाली. सगळ्यांना उत्तरं देणं होणार नाही. सारखेच प्रश्न एकत्र करून नऊ निवडलेत.

बहुतेक पत्रांचा सूर एकच : कुठून कुठपर्यंत पळायचं, किती किलोमीटर? सोलापूरचा माणूस आधी अंतर विचारतो. त्यात चूक काही नाही, आपल्याकडे तेवढ्यावर भागतं. होटगी रस्त्याला पाच किलोमीटर म्हणजे पाचच किलोमीटर, जाताना आणि येताना सारखेच. कोकणात आणि सह्याद्रीच्या कडेला अंतर सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, चढ किती आहे? मग विचारायचं, भरती कधी आहे?

नव्या वाचकांसाठी : मी डॉक्टर नाही, कोचही नाही. एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यातली बरीच रत्नागिरीच्या गाडीवर गेली. एकोणपन्नासाव्या वर्षी साखर निघाली म्हणून पळायला लागलो. घाट मला पायांच्या आधी गिअरने शिकवला, म्हणून उत्तरांत गाडी येत राहील. सांभाळून घ्या.

जुळे सोलापूर, एक बँक कर्मचारी : मी विजापूर रस्त्यावर २१ किलोमीटर एक तास पंचावन्न मिनिटांत पळतो. यंदा साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला नाव घातलंय. तिथे दोन तासांच्या आत येईन का?

नाही येणार. आणि यायचंच म्हणून पहिल्या चढाला जोर केलात तर अडीच तासांचीही खात्री नाही.

ही शर्यत २०१२ पासून होते. २०१५ साली एका डोंगरावर सर्वाधिक माणसं पळाल्याची गिनीज बुकातली नोंद तिच्या नावावर झाली, २,६१८ जणांची. म्हणजे तुम्ही वाटेत एकटे पडणार नाही, सुरुवातीला तर खांद्याला खांदा लागतो. शहर सुटलं, समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट. वर गेल्यावर कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळसा घ्यायचा आणि आल्या वाटेने खाली. पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा चढ, दुसरा जवळजवळ सगळा उतार. पोरं चढाला घाबरतात. मी उताराला घाबरतो.

का, ते सांगतो. मी नवा असताना आंबा घाट उतरून साखरप्याला गाडी लावली. खाली उतरलो तर ब्रेकच्या लायनरचा जळका वास. चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग. घाटभर मी वरच्या गिअरमध्ये राहून ब्रेकवर पाय देत आलो होतो. आमचे उस्ताद टपरीवर चहा पीत होते. ते उठले नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाले, "ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. ब्रेक थांबायला दिलाय, उतरायला नाही दिला." पुढे तीस वर्षं तेवढं एकच वाक्य मला पुरलं, आणि पळायला लागल्यावर परत कामाला आलं.

माणसाच्या मांड्या म्हणजे ब्रेकचे लायनर. उताराला आपण लांब पाऊल टाकतो, टाच आधी आपटते, अंग मागे रेलतं. हे झालं ब्रेक मारत उतरणं. पाच किलोमीटर बरं वाटतं, घड्याळ छान आकडे दाखवतं, आणि मग वास यायला लागतो. त्याऐवजी पाऊल लहान, पटापट, अंगाच्या खालीच पडेल असं. घोट्यापासून किंचित पुढे झुकायचं. हात थोडे लांब ठेवले की तोल राहतो. वेग कमी वाटेल, वाटू द्या.

चढालाही तेच. पाऊल लहान करा, शेजारच्याशी एक वाक्य बोलता येईल एवढाच दम लावा. बोलता येत नसेल तर चाला. चालणं म्हणजे पहिला गिअर. तो शोभेला दिलेला नाही. आपल्याकडे काही जणांना चालताना कमीपणा वाटतो. भरलेली गाडी टॉपमध्ये घाट चढत नाही म्हणून कुठल्या ड्रायव्हरला लाज वाटलेली मी बघितली नाही.

माझा हिशोब देतो. सोलापुरात माझे २१ किलोमीटर तेव्हा दोन तास बारा मिनिटांत व्हायचे. साताऱ्यात पहिल्यांदा वळशापर्यंत एक तास चोवीस लागले. मी मनात म्हटलं, आता काय, उतारच आहे, तासाभरात खाली. खाली यायला एक तास सत्तावीस मिनिटं लागली. चढण्यापेक्षा जास्त! शेवटच्या चार किलोमीटरला मांड्या अशा लटपटत होत्या की रस्त्याकडेच्या एका पोराने ओरडून धीर दिला, "आजोबा, संपत आलं!" मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो.

तेव्हा दादा, पहिल्या वर्षी घड्याळ घरी ठेवा. तेवढं जमत नसेल तर वळशापर्यंतची वेळ आणि परतीची वेळ यांतला फरक बघा. परतीला दहा-बारा मिनिटं कमी लागली तर शर्यत नीट पळालात.

अक्कलकोट, नाव न देता : घाटातून पळून आलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना मात्र काही होत नाही. हे उलटं कसं?

उलटं नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो. या ताणात त्याचे बारीक धागे दुखावतात. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. जिना उतरताना परत तीच हालचाल होते, म्हणून तिथेच कळ येते. लॅक्टिक ॲसिड साठलं वगैरे जिममध्ये सांगतात, ते सोडा. ते पळणं थांबल्यावर तासाभरात निवळतं, दोन दिवस मुक्काम करत नाही.

यातली चांगली बाब अशी, की एकदा असं दुखून बरं झालं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला स्नायू कमी दुखतो. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदा मुद्दाम थोडा उतार पळून मांड्या दुखवून घ्याव्यात. फार नाही, दोन-तीन किलोमीटर.

एक मात्र ध्यानात ठेवा. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, अंग सुजल्यासारखं वाटलं, तर घरी मालिश करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतो, आणि त्यात उशीर चालत नाही.

बाळीवेस, एक शिक्षिका : सोलापुरात टेकडी नाही, घाट नाही. सराव करायचा कुठे? ट्रेडमिल वर करून चालेल का?

ट्रेडमिल वर करून चढ मिळतो, उतार मिळत नाही. आणि वर सांगितलंच, घात उतार करतो.

तसं बघितलं तर आपण सगळे डोंगरावरच राहतो ताई. सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, फक्त चारी बाजूंना तेवढंच उंच असल्यामुळे कळत नाही. घाट म्हणजे या पठाराची तुटलेली कड. ती बघायला पश्चिमेला लांब जावं लागतं. त्याची धाकटी बहीण मात्र पंचेचाळीस किलोमीटरवर आहे : बालाघाटाची कड, तुळजापूरचा घाट.

कोजागरीला सोलापूरहून लाखो माणसं त्या वाटेने आईच्या दर्शनाला चालत जातात, कित्येक अनवाणी. त्यांच्यात माझी आई होती, बहुतेक तुमच्या घरचंही कुणीतरी असेल. तेव्हा सरावाला जागा नाही असं म्हणू नका. महिन्यातून दोन रविवार पहाटेच्या गाडीने घाटाच्या पायथ्याला उतरायचं. पहिल्या वेळी चढ चालत, उतार हळू पळत, एकच फेरी. पुढच्या वेळी दोन. तेवढं बास.

आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांसाठी रेल्वेवरचा कुठलाही पूल चालतो. मी पहाटे पाचला एका पुलावर दहा वेळा वर-खाली करायचो. चौथ्या दिवशी गस्तीच्या पोलिसाने थांबवून विचारलं, "काय हरवलंय का ओ?"

घाटातलं एक सांगून ठेवतो, ते स्टिअरिंगमागे बसलेल्यालाच कळतं. तीव्र वळणावर, म्हणजे हेअरपिनला, मोठ्या गाडीचं पुढचं चाक बाहेरून जातं आणि मागचं चाक आतून कापतं. आतल्या कडेला दरडीला चिकटून उभा असलेला माणूस ड्रायव्हरला पुढून दिसतो, पण मागचं चाक त्याच्याजवळ येतं तेव्हा आरशात दिसेलच असं नाही. आपल्याला वाटतं दरडीला टेकलो म्हणजे सुरक्षित. वळण यायच्या आधी मागेपुढे बघून बाहेरच्या कडेला या, तिथून समोरची गाडीही लांबून दिसते. सरळ रस्त्याला मात्र उजवी बाजू, गाडी तोंडासमोरून येईल अशी. आणि कानात काही घालू नका. घाटात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते.

बार्शी, सहा जणांचा गट : आम्हाला तीन दिवस आहेत, एक गाडी आहे. रोज दहा-बारा किलोमीटर पळायचं. डोंगर आणि समुद्र दोन्ही हवं. मार्ग आखून द्या.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरावरूनच जातो, तो धरा. सोलापूर ते रत्नागिरी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. पहिला दिवस प्रवासातच जाईल, मुक्काम आंबा गावात करा, घाटाच्या माथ्यावर. संध्याकाळी पळू नका, फिरा. त्या बाजूचं रान दाट आहे, गवे आहेत. गवा दिसला तर फोटो नाही, आरडाओरडा नाही, आल्या पावली मागे. अंधारात आणि अगदी झुंजुमुंजूला त्या रस्त्याला जाऊच नका, नीट उजाडू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माथ्यावरून घाट उतरायला लागा. गाडी पुढे पाठवा, चार-पाच किलोमीटरवर थांबायला सांगा. तिथवर उतरा, पाणी प्या, आणि निम्मी वाट परत चढा. सगळा घाट उतरायचा मोह होईल. तो केलात तर तिसऱ्या दिवशी समुद्रावर नुसते बसाल. वरून निघताना अंगाला गार वारा असतो. उतरता उतरता हवा जड होत जाते, कानाला जरा दडा बसतो, झाडं बदलतात, आणि एका वळणानंतर माती लाल दिसायला लागते. गाडीतून ही गंमत मला कधी कळली नव्हती. बसमध्ये इंजिन आपल्या मांडीशी असतं, बारा महिने उन्हाळा.

तिसरा दिवस आरे-वारे. मुक्काम गणपतीपुळ्याला करा. पहाटे रत्नागिरीकडे तोंड करून निघा, नेवरे मागे पडलं की रस्ता समुद्राला येऊन भिडतो. इथे तुमचा दहा किलोमीटरचा हिशोब चुकणार, कारण कोकणात सपाट रस्ता असा नसतोच. गावं खाडीला किंवा पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, आणि एका गावातून दुसऱ्यात जायचं तर मधला सडा, म्हणजे कातळाचं उंच माळरान, ओलांडायचा. रस्ता वर चढतो, सड्यावर जरा सरळ जातो, परत खाली. नकाशावर दोन गावं हाताच्या अंतरावर दिसतात, मधला चढ नकाशा सांगत नाही. वारे आणि आरे या दोन किनाऱ्यांच्या मधल्या टेकाडावर रस्ता चढला की दोन्ही बाजूंची पुळण एकदम दिसते. तिथे थांबा. थांबणारच म्हणा, दम लागलेला असतो. तासभर एका दिशेने, तासभर परत, असा वेळ धरून पळा, किलोमीटर धरू नका. सुट्टीचा वार असेल तर साडेआठच्या आत परत फिरा, नंतर गाड्यांची रांग लागते.

परतल्यावर अंघोळ करून मालगुंडला जाऊन या. केशवसुतांचं जन्मगाव, पुळ्यापासून जवळच. पळायला नको, गाडीने जा.

पावसाळ्यात हा बेत करू नका. घाटात दरडी येतात, जांभ्या दगडावर आणि पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेवर, शेवाळ धरतं, पाय टिकत नाही. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मोहोळ, एक शेतकरी : आम्ही मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत रानात काम करतो. कोकणातल्या तीस डिग्रीचं आम्हाला काय कौतुक?

हेच वाक्य मी २०११ साली बोललो होतो, म्हणून रागावत नाही.

अंग गार होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. आपल्याकडे हवा कोरडी. घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळतही नाही, बनियनवर नुसती मिठाची पांढरी नक्षी राहते. कोकणात हवेतच एवढं पाणी, की तुमचा घाम वाळायला तिथे जागा नसते. तो नुसता गळतो. शर्ट पिळला तर धार लागते आणि अंग आतून तापलेलंच राहतं. आपल्या उन्हाची सवय थोडी उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही. दमट हवेची सवय दमट हवेतच होते, आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुम्ही जाणार दोन दिवसांसाठी. मग एकच उपाय : वेग कमी. जानेवारीत सोलापुरात मला दहा किलोमीटरला अडुसष्ट मिनिटं लागायची, त्याच महिन्यात गणपतीपुळ्याला एकोणऐंशी लागली, आणि दमलो तेवढाच.

नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं गरगरतं. तिथे कोकम सरबत मिळतं, त्यात चिमूटभर मीठ जास्त घालायला सांगा. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर न्याच. ती सोलापुरात कुरकुरीत असते, कोकणात दुसऱ्या दिवशी चामडं होते. तेवढ्यावरून हवा ओळखा.

पंढरपूर, निवृत्त लिपिक : हॉटेलवाल्याने सांगितलं, सकाळी किनाऱ्यावर पळा, वाळू छान कडक असते. सात वाजता गेलो तर कडक वाळू कुठे दिसेना. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुतून दोन किलोमीटरमध्ये जीव गेला. त्या दिवशी एकादशी होती, उपास होता म्हणून असं झालं का?

उपासाने नाही, पण एकादशीने मात्र झालं. आणि पंढरपूरच्या माणसाला तिथी मी सांगायची, म्हणजे कमालच आहे.

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती. सातला तुम्ही गेलात तेव्हा पाणी चढतच होतं, ओली पुळण पाण्याखाली गेलेली. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी अडीचला, उन्हात. तुमचं नशीबच नव्हतं.

आता पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला भरती, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी भरतीला जास्त वर येतं तसं ओहोटीला जास्त लांब जातं. पहाटे उजाडता उजाडता गेलात तर क्रिकेटच्या मैदानासारखी पुळण उघडी पडलेली असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार वरही येत नाही आणि फार मागेही जात नाही, त्यात अष्टमीला सकाळी सहालाच भरती. थोडक्यात, सकाळी किनाऱ्यावर पळायचं असेल तर चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस धरा. हॉटेलचं बुकिंग करताना वार बघतो तशी तिथीही बघा. हा हिशोब अंदाजाचा आहे, गावागणिक थोडा पुढेमागे होतो, म्हणून गेल्यावर होडीवाल्याला एकदा विचाराच.

कोरड्या वाळूत पळायला कडक रस्त्याच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते. पाय टाकला की वाळू सरकते, आपला जोर तिला ढकलण्यातच जातो. तेव्हा दोन किलोमीटरमध्ये जीव गेला यात तुमचा काही दोष नाही.

हा हिशोब मी शहाणपणाने शिकलो नाही. दापोली तालुक्यात एका किनाऱ्यावर पहाटे पळायला निघालो. मध्ये एक ओढ्यासारखी खाडी समुद्राला मिळते, पाणी घोट्याएवढं. छप् छप् करत पार झालो. पुढे लांब पुळण, माणूस नाही, पायाखाली ओली वाळू, मी खुशीत तासभर गेलो. परत येतो तो घोट्याएवढं पाणी कमरेच्या वर, आणि ओढ समुद्राकडून आत. आमच्याकडे भीमेला पाणी आलं तर ते वरून येतं. समुद्राकडून नदीत पाणी शिरताना मी बघितलं नव्हतं. पलीकडे एक मावशी पाटी घेऊन उभ्या होत्या. मी चपळाईने पाण्यात पाय घातला तशा त्या ओरडल्या, "थांबा, थांबा! बसा तिकडेच!" मी बसलो. त्यांनी पलीकडूनच मोठ्याने विचारलं, "आज तिथी कोणती?" मला माहीत नव्हती. ओल्या चड्डीवर चार तास बसून राहिलो, मग पाणी उतरलं. मावशी दोनदा येऊन बघून गेल्या, दुसऱ्या वेळी त्यांनी बोटावर पाऊणपट करून दाखवली.

तेव्हापासून घाटावरच्या माणसाला माझं सांगणं, किनाऱ्यावरचं कुठलंही पाणी ओलांडायच्या आधी, ते चढतंय की उतरतंय ते विचारा. किती खोल आहे ते नंतर.

आणखी एक. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेला पळालात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, कंबर धरते. जेवढं जाल तेवढंच परत या. फेब्रुवारी ते एप्रिल वेळास, आंजर्ले भागात असाल तर रात्री विजेरी घेऊन पुळणीवर जाऊ नका. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तेव्हा अंड्यांतून निघतात आणि उजेडाच्या मागे लागून वाट चुकतात.

होटगी रस्ता, एक तरुणी : आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. खेड्यात पहाटे बायकांनी ट्रॅक पँटवर पळणं कसं दिसेल? भीती नाही ना?

याचं उत्तर मी माझ्या मुलीला विचारलं, कारण माझं उत्तर पुरुषाचं होईल. ती चार वर्षं त्या भागात पळतेय. तिचं म्हणणं जसंच्या तसं : "दिसायचं ते दिसेल, दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही. ज्यांच्या घरी उतरलोय त्या काकूंना आदल्या रात्री सांगायचं, इकडून जाणार, एवढ्या वाजता येणार. तासाभरात गावभर झालेलं असतं, आणि तेच बरं. मासळीच्या बंदराकडच्या रस्त्याला जायचं, तिथे पहाटेपासून बायकांची ये-जा असते. हर्णैच्या लिलावाला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, कुणाकडची गो तू? सड्यावरच्या एकट्या रस्त्याला मात्र आम्ही दोघीच कधी गेलो नाही, आणि कुत्री दिसली की पळणं थांबवून चालायचं."

कुत्र्यांबद्दल मी सहमत आहे. पळणाऱ्याच्या मागेच ती लागतात.

साखर पेठ : वाळूत बूट की अनवाणी?

ओल्या कडक वाळूत पंधरा-वीस मिनिटं अनवाणी चालेल, त्याहून जास्त नको. पोटऱ्या आणि टाचेची शीर दुसऱ्या दिवशी सांगतील. खडकांजवळ बूट हवेतच, तिथे कालवांच्या शिंपा असतात, ब्लेडसारख्या. मला एकदा गळ रुतला होता. खारट झालेले बूट गोड्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. गाडीच्या बॉनेटवर ठेवलेत तर तळ सुटतो.

अशोक चौक, यंत्रमाग कामगार : दोन वर्षं पैसे साठवून मित्रांबरोबर कोकणात पळून आलो. छान झालं. पण परतीच्या बसमध्ये पाय एवढे सुजले की सोलापूरला उतरताना बूट घालता येईना. पुढच्या वेळी काय करू?

पळालात त्याच दिवशी रात्रीची गाडी पकडलीत, हो ना? पाय दिवसभर राबले, मग नऊ-दहा तास खाली लोंबकळत राहिले. पाणी उतरून घोट्यात साठणारच. जमलं तर एक रात्र मध्ये जाऊ द्या. नाहीच जमलं तर खिडकीची जागा घेऊ नका, मधल्या वाटेकडची घ्या, पाय लांब करता येतात. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करत राहा. माग चालवताना पाय कसे थांबत नाहीत, तसे. गाडी जिथे थांबेल तिथे खाली उतरा, झोप आली असली तरी. सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र डॉक्टरला दाखवा, ते वेगळं असू शकतं.

आणि दिवसाची गाडी मिळाली, त्यात जानेवारी असेल, तर मंगळवेढ्याला उतरा. तिथल्या ज्वारीचा हुरडा भाजत असतात रस्त्याच्या कडेला. अर्धा तास उभ्याने खा. पुढची गाडी मिळते.